लिनक्सवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकताय? या चुका टाळा

गणपतीच्या आधी कुडाळपासून चिपळूणपर्यंत फोटो स्टुडिओ आणि डीटीपीच्या दुकानांत मान वर काढायला फुरसत नसते. त्या दिवसांत चालू मशीनमधल्या एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बदलायला घेऊच नका. आणि पावसाळ्यात कधीही घेतलात, तरी यूपीएसशिवाय नको. पॅकेज उतरल्यावर डीकेएमएस हे साधन तुमच्या कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग, बांधायला घेतं. त्याच वेळी लाईट गेली की काम अर्धवट राहतं आणि पुढच्या बूटला स्क्रीन काळा.

तेवढ्यासाठी लिनक्स पुन्हा टाकायची गरज नाही. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा, लॉगिन करा आणि उबंटू, मिंट किंवा डेबियन असेल तर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा. लॉगिनच येत नसेल तर ग्रबच्या, म्हणजे बूट होताना येणाऱ्या मेनूच्या, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून रिकव्हरी मोडमध्ये जा.

कंपनीच्या साइटवरची ‘रन’ फाइल उतरवून बसवणं ही दुसरी नेहमीची चूक. ती आज चालते, पण कर्नल अपडेट झाला की बहुतेक वेळा पुन्हा बसवावी लागते. उबंटूत ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ उघडा आणि तिथे सुचवलेलाच ड्रायव्हर घ्या. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर रेंज तुटली तरी घाबरू नका. पॅकेज उतरवणारं ॲप्ट बहुधा जिथे थांबलं तिथूनच पुढे उतरवतं.

कार्ड कुठलं आहे ते आधी बघा. जुन्या दुकानांत जीटी ७१० अजून भरपूर आहेत. ते केप्लर पिढीचं, त्याला ४७० मालिकेपर्यंतचेच ड्रायव्हर चालतात. जीटी ७३० नावाखाली काही कार्डं त्याहून जुनी, फर्मी पिढीची निघतात. त्यांची मजल ३९० पर्यंतच. त्यांच्यासाठी मी लिनक्समध्ये आधीपासून असलेला नुव्हो ड्रायव्हरच ठेवायला सांगेन, कारण ३९० नव्या कर्नलवर बांधताना फार त्रास देतो. उलट आरटीएक्स ५० मालिकेला एनव्हिडियाचं ओपन (खुल्या सोर्सचं) कर्नल मॉड्यूलच लागतं.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते सिक्युअर बूटपाशी, म्हणजे ओळखीच्या चावीची सही नसलेलं मॉड्यूल चालू न देणाऱ्या सोयीपाशी. इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रीबूट झाल्यावर निळा स्क्रीन येतो. तो दहा सेकंदच थांबतो. तेवढ्यात कुठलंही बटण दाबा, ‘एनरोल मोक’ (मोक म्हणजे मशीनच्या मालकाची चावी) निवडा आणि तोच पासवर्ड द्या. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबलंत तर चावी नोंदली जात नाही आणि कर्नल मॉड्यूल घेत नाही. मॉड्यूल चढवणारी मॉडप्रोब ही कमांड चालवल्यावर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं आलं तर कारण हेच. मोकयूटिल या कमांडने चावी पुन्हा नोंदणीला द्या आणि रीबूटच्या वेळी मशीनसमोरून हलू नका.

एवढं करूनही जमलं नाही, तर ‘एलएसपीसीआय -के’ चालवून कार्डाखालची ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ वाचा. तिथे नुव्हो दिसत असेल तर त्याला ब्लॅकलिस्ट करा (म्हणजे तो चढणार नाही), ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ सुडोने चालवा आणि रीबूट करा. ओळच नसेल तर मॉड्यूल बांधलंच गेलेलं नाही किंवा नाकारलं गेलंय. ‘डीकेएमएस स्टेटस’ बघा आणि चालू कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) बसवलेत का ते तपासा.