घरात राहूनच बाथरूमचं काम काढताय? मग तोडफोडीच्या आधी हे ठरवा

अंघोळीचं कुठेतरी जमतं, संडासचं जमत नाही. घर न सोडता बाथरूम नवीन करायचं असेल तर सगळं प्लॅनिंग या एकाच गोष्टीभोवती करायचं, टाइल्सचा रंग वगैरे नंतर. पुण्यात कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडीकडच्या जुन्या बिल्डिंगमध्ये संडास आणि बाथरूम वेगवेगळं असतं, ते त्या काळात चांगलंच होतं, कारण एक तोडलं तरी दुसरं चालू राहतं. नवीन फ्लॅटमध्ये दोन टॉयलेट असतील तर प्रश्नच नाही, पण मिस्त्री हमखास म्हणेल की ताई दोन्ही एकदम तोडू, राडारोडा एकाच गाडीत जाईल, स्वस्त पडेल. अजिबात ऐकायचं नाही. पहिलं पूर्ण होऊन, त्यात चार दिवस फ्लश करून, अंघोळ करून बघितल्याशिवाय दुसऱ्याला हातोडा लावू द्यायचा नाही.

एकच टॉयलेट असेल तर खरं सांगते, मधले काही दिवस रात्री झोपायला नातेवाईकांकडे जाणं हाच मार्ग आहे. दिवसा सोसायटीच्या क्लबहाऊसचं किंवा शेजारच्यांचं टॉयलेट चालतं, पण पहाटे तीनला कोणाची बेल वाजवणार? घरात आजी-आजोबा असतील तर सर्जिकल सामानाच्या दुकानात कमोड चेअर भाड्याने मिळते, ती काम सुरू व्हायच्या आधी आणून ठेवा आणि त्यांना एकदा बसवून बघा, उंची जमते का ते कळतं.

अंघोळीसाठी ड्राय बाल्कनी सगळ्यात बेस्ट. तिथे नळ असतो, पाणी जायला जाळी असते, एक जाड पडदा लावला की झालं. पण तिथे गीझर नसतो म्हणून लोक हीटर रॉड काढतात, तेव्हा बादली प्लास्टिकचीच घ्या, पत्र्याची किंवा स्टीलची नको, आणि पाण्यात बोट घालून बघायच्या आधी बटण बंद करून पिनसुद्धा काढायची. घरात लहान मूल असेल तर रॉड नकोच, गॅसवर पातेलं तापवा, वेळ लागला तरी चालेल.

आता काम कधी काढायचं. पावसाळ्यात सिमेंट आणि वॉटरप्रूफिंगचा कोट वाळायला जास्त वेळ लागतो, उन्हाळ्यात पाणीकपातीचं टेन्शन आणि टँकरची वाट बघा. दिवाळी झाल्यावर कामगार गावाहून परत आले की तिथून पुढे जानेवारीपर्यंतचा काळ मला सगळ्यात बरा वाटतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा असतात, वरखाली कोणाचा बारावीचा मुलगा असेल तर ड्रिल मशीनचा आवाज त्याच्या डोक्यात घालू नका. आणि गुरुवार लक्षात ठेवा, महापालिकेचं पाणी आणि महावितरणची लाइट दोन्ही देखभालीसाठी बंद ठेवायचा पुण्यातला वार तोच, त्यामुळे भरपूर पाणी लागणारं काम गुरुवारवर येऊ द्यायचं नाही.

सोसायटीला लेखी पत्र द्यायचं, डिपॉझिट असेल तर भरायचं, कामाच्या वेळा विचारून घ्यायच्या. बऱ्याच ठिकाणी दुपारी दोन ते चार ठोकाठोकी बंद असते, तो वेळ जेवण आणि मटेरियल वर आणायला वापरता येतो. पण पत्रापेक्षा महत्त्वाचं म्हणजे खालच्या फ्लॅटमध्ये स्वतः जाऊन भेटणं. काम सुरू व्हायच्या आधी जा, त्यांच्या बाथरूमच्या छताचे फोटो त्यांच्यासमोरच काढा, म्हणजे आधीचे डाग कुठले आणि नवीन कुठले यावरून नंतर वाद होत नाही. आपल्या संडास-बाथरूममधून खाली गळती झाली तर ती दुरुस्ती आपल्याच खर्चाने करायची असते, हौसिंग सोसायटीच्या आदर्श उपविधीतच तसं आहे, तेव्हा खालच्या काका-काकूंशी गोड बोलणं आपल्याच फायद्याचं.

खरेदी सगळी आधी. सगळी म्हणजे सगळी, कमोड, डायव्हर्टर (गरम-गार पाणी मिसळून शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा कॉक), नळ, नहाणी ट्रॅप (जमिनीवरचं पाणी ड्रेनेजमध्ये जायचं तोंड), जाळ्या, टाइल्स. कमोड नंतर बघू म्हणणारे इथेच अडकतात, कारण कमोडचं आउटलेट जमिनीतून आहे की भिंतीतून, आणि भिंतीपासून किती इंचावर, हे कळल्याशिवाय प्लंबर पाइप नक्की करूच शकत नाही. आणि ते माप टाइल लागल्यावरच्या भिंतीपासून धरायचं, उघड्या विटेपासून नाही, प्लास्टर आणि टाइल मिळून इंच-दीड इंच सहज जातो. भिंतीत गाडला जाणारा डायव्हर्टर कुठल्या कंपनीचा घ्यायचा ते नीट ठरवा, वरचं हँडल नंतर त्याच कंपनीचं लागतं.

टाइल्ससाठी कात्रज-कोंढवा रोडला एक चक्कर मारा, तिथे मार्बल-टाइल्सची दुकानं ओळीने आहेत. माल बहुतेक गुजरातच्या मोरबीचा असतो. खोक्यावरचा बॅच नंबर सगळ्या खोक्यांवर सारखा आहे का ते उतरवून घेतानाच बघा, बॅच बदलला की शेड बदलते आणि ती भिंतीवर लागल्यावरच दिसते. लागतात त्यापेक्षा दहा टक्के जास्त घ्या. जमिनीला चकचकीत टाइल कितीही आवडली तरी नको, अँटी-स्किडच घ्या, दुकानात टाइलवर थोडं पाणी ओतून चप्पल काढून पाय घासून बघा, दुकानदार काही म्हणत नाही. बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर काळे मॅट नळ घेऊ नका, क्षाराचे पांढरे डाग रोज पुसत बसावं लागतं.

धुळीचं आता. ती थांबत नाही, फक्त कमी करता येते. बाथरूमच्या दारावर जुनी चादर ओली करून टांगायची आणि दिवसातून दोन-तीनदा परत ओली करायची. मुख्य दारापासून बाथरूमपर्यंत फरशीवर पोती अंथरायची, देवघर, टीव्ही, फ्रिज प्लास्टिकने झाकायचे, कपाटांच्या फटींना चिकटपट्टी लावायची. धान्याचे डबे वेगळ्या खोलीत हलवा, सिमेंटची धूळ पिठात गेलेली कळत नाही. घरात कोणाला दमा असेल तर तोडफोडीचे दोन दिवस तरी त्यांना दुसरीकडे पाठवाच, त्यात काटकसर नको.

तोडायच्या आधी पाण्याचा कॉक कुठे आहे ते शोधून ठेवा. सोलरच्या लाइनचा कॉक बऱ्याचदा टेरेसवर असतो आणि तो बंद केला की त्या लाइनवरच्या सगळ्यांचं गरम पाणी जातं, म्हणून आदल्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर टाका आणि सकाळची अंघोळीची वेळ सोडून बंद करा. तोडफोड सुरू होण्याआधी ड्रेनेजच्या तोंडात फडकी कोंबून वर प्लास्टिक बांधायला लावा. संध्याकाळी काम संपल्यावर घमेली-थाप्या कुठे धुतात त्याकडे लक्ष ठेवा, सिमेंटचं पाणी ट्रॅपमध्ये ओतलं की ते आत बसतं आणि घट्ट होतं, मग नव्या बाथरूममध्ये पहिल्याच दिवशी पाणी तुंबतं. वेगळी बादली द्या, गाळ खाली बसू द्या, तो राडारोड्याच्या गोणीत घाला. आणि राडारोडा कुठे जाणार हे गाडीवाल्याला विचाराच, नदीपात्राच्या कडेला रात्री रिकामी होणारी गोणी आपल्या घरातली नको. महापालिकेचं राडारोड्यावर प्रक्रिया करणारं केंद्र वाघोलीला आहे, सरळ तिकडे जायला सांगा, दोन पैसे जास्त गेले तर जाऊ देत.

पाइप टाकून झाले की लगेच भिंत बंद करू द्यायची नाही. सगळ्या तोंडांना प्लग मारून टेस्ट पंप, म्हणजे पाइपात दाबाने पाणी भरणारा पंप, लावायचा, प्रेशर रात्रभर टिकलं पाहिजे. त्याच वेळी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, शेजारी मेजरिंग टेप धरून, म्हणजे पुढे टॉवेल रॉडसाठी ड्रिल मारताना पाइप कुठून गेलाय ते कळतं. घरात वयस्कर माणसं असतील किंवा आपणच होणार असू, तर कमोडशेजारी आणि शॉवरखाली धरायचे दांडे कुठे येणार ते आत्ताच खुणा करून ठेवा. गीझरचा पॉइंट सोळा अँपिअरचा, अर्थिंगसकट, आणि मेन बोर्डात तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट लगेच तोडणारा स्विच) नसेल तर याच कामात बसवून घ्या.

आता वॉटरप्रूफिंग, आणि इथे मात्र घाई करणाऱ्या कोणाचंही ऐकू नका. टाइल ही वॉटरप्रूफिंग नाही. पाणी टाइलच्या सांध्यातून खाली जातंच, ते अडवतो तो खालचा कोट. भिंत आणि जमीन मिळते तो कोपरा मसाल्याने गोलाई देऊन भरायचा, नहाणी ट्रॅपच्या आणि पाइपांच्या भोवती नीट पॅक करायचं, कारण गळती बहुतेक तिथूनच होते. मग दोन कोट, पहिला आडवा मारला तर दुसरा उभा, मधला वेळ डब्यावर लिहिलाय तेवढा द्यायचा. शॉवरच्या भिंतीला शॉवरच्या उंचीपर्यंत कोट पाहिजे, फूटभर मारून भागत नाही. कोट पूर्ण वाळला की ट्रॅपचं तोंड बंद करून, दारात मसाल्याचा छोटा बांध घालून दोन-तीन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलने रेघ मारायची आणि अठ्ठेचाळीस तास हात लावायचा नाही. रेघेपासून पाणी अगदी किंचित उतरेल, थोडी वाफ होतेच, पण बोटभर उतरलं तर कुठेतरी वाट आहे. दोन्ही दिवस खाली जाऊन टॉर्च मारून छत बघा, पाइपाच्या भोवतीचं गोल कडं हाताने चाचपा, ओल डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला लागते. मिस्त्री म्हणेल दोन दिवस माणसं बसून राहतील, तर त्यांना दुसऱ्या साइटवर जाऊ द्या, पण टेस्ट पूर्ण करा. हे दोन दिवस वाचवून पुढे सगळं परत फोडायला लागतं.

टाइल लावायला लागले की उतार बघायचा, साधारण शंभर इंचाला एक इंच, ट्रॅपकडे. ओल्या मसाल्यातच लेव्हल लावून दाखवा म्हणायचं, आणि टाइल बसल्यावर मगभर पाणी लांबच्या कोपऱ्यात ओतून ते स्वतःहून जातंय का बघायचं. दुसऱ्या दिवशी नाण्याने प्रत्येक टाइल वाजवा, पोकळ आवाज येईल ती खडूने खूण करून बदलून घ्या. टाइल्सच्या सांध्यांत भरायला शॉवरच्या भागात तरी साध्या सिमेंटऐवजी एपॉक्सी ग्राउट घ्या, महाग आहे पण काळं पडत नाही.

एका बाथरूमला साधारण दोन ते तीन आठवडे धरा, मध्ये एखादा दिवस मिस्त्री गायब होणारच. पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे, तोडणं, पाइप, पाण्याची टेस्ट, टाइल, फिटिंग असं आधीच कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा. टेस्टचा हप्ता टेस्ट पास झाल्यावरच. माणसांना दोन वेळचा चहा आणि प्यायचं पाणी आठवणीने द्या, ती दिवसभर आपल्यासाठी धूळ खात असतात, आणि त्यांनी कुठलं टॉयलेट वापरायचं हेही पहिल्याच दिवशी सरळ सांगा, त्यांना विचारायला संकोच वाटतो.

फिटिंग झाल्यावर कमोडच्या बुडाला आणि बेसिनच्या कडेला सिलिकॉन मारलेलं असतं, ते चोवीस तास कोरडं राहू द्या, कितीही इच्छा झाली तरी त्या दिवशीची अंघोळ ड्राय बाल्कनीतच. मग पंधरा दिवस नेहमीसारखं वापरा, अँगल कॉकच्या (भिंतीतून बेसिन-कमोडला पाणी देणाऱ्या छोट्या कॉकच्या) खाली टिश्यू पेपर ठेवून बघा, खालच्या काकूंना एकदा फोन करा. सगळं कोरडं असेल तर मिस्त्रीचा मागे ठेवलेला शेवटचा हप्ता त्याच दिवशी देऊन टाका आणि उरलेल्या टाइल्सचं खोकं भंगारात न देता माळ्यावर चढवा.