चार डायपोल, एकच फेज: टॉवरवर व्हीएचएफ अँटेना रचताना

नागपुरातून वर्धा किंवा भंडाऱ्यापर्यंत दोन मीटर बँडवर (सुमारे दोन मीटर तरंगलांबीच्या व्हीएचएफ पट्ट्यावर) स्वच्छ संपर्क हवा असेल, तर एकाच टॉवरवर चार उभे डायपोल (मध्यात केबल जोडलेल्या दोन दांड्यांचे साधे अँटेना) एकाखाली एक रचणे हा चांगला मार्ग आहे. डायपोलची संख्या दुप्पट केली की जास्तीत जास्त 3 डेसिबल लाभ मिळतो, म्हणजे चारांना मिळून सुमारे 6 डेसिबल. परंतु हा लाभ चारही डायपोल एकाच फेजमध्ये असतील, म्हणजे त्यांचे तरंग एकाच वेळी चढत-उतरत असतील, तरच हाती येतो, आणि नेमकी तीच गोष्ट एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते सांगणारे उपकरण) दाखवत नाही.

भारतात हौशी रेडिओसाठी 144 ते 146 मेगाहर्ट्झ हा पट्टा आहे. मध्याला, म्हणजे 145 ला, तरंगलांबी सुमारे 2.07 मीटर येते. त्यामुळे डायपोल साधारण 98 सेंटिमीटरचा ठेवावा आणि दोन डायपोलच्या मध्यांत 1.6 मीटर अंतर सोडावे. या हिशेबाने टॉवरच्या माथ्यावर जवळपास सहा मीटरचा पाइप लागतो. प्रत्येक डायपोल त्याच्या ब्रॅकेटवर, पाइपपासूनचे ठरलेले अंतर राखून, गच्चीवरच 50 ओहमला जुळवून घ्यावा, कारण धातूचा पाइप जवळ आला की इम्पीडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा विद्युत विरोध) बदलतो.

जोडणीसाठी 75 ओहमची केबल घ्यावी. पाव तरंगलांबीच्या विषम पटीत कापलेली अशी केबल 50 ओहमचे 112.5 करते, दोन समांतर जोडल्या की 56.25 उरतात, आणि पुढच्या जोडीतून त्याचे 100 होऊन दोन मिळून पुन्हा नेमके 50 ओहम येतात. गणित इतके नेटके बसते की वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतच नाही. भरीव पॉलिथिलीनच्या आरजी-11 या 75 ओहमच्या केबलचा वेलॉसिटी फॅक्टर (प्रकाशाच्या वेगाच्या तुलनेत केबलमधला तरंगांचा वेग) 0.66 धरल्यास पाव तरंग 34.1 सेंटिमीटर होतो. डायपोलपासून पहिल्या टी-जोडापर्यंत त्याच्या तिप्पट, 102.4, आणि तिथून मुख्य टी-जोडापर्यंत पाचपट, 170.7 सेंटिमीटर लांबी अंतरांना बरोबर पुरते.

नागपुरातल्या सीताबर्डीच्या बाजारात केबल टीव्हीची स्वस्त 75 ओहमची केबल सहज मिळते, पण तिच्या आत फोम असतो. तिचा फॅक्टर 0.8 च्या पुढे असल्याने वरची मापे तिला लागू पडत नाहीत, शिवाय तिच्या ॲल्युमिनियमच्या जाळीवर डाख (सोल्डर) बसत नाही. सगळे तुकडे एकाच गुंडाळीतून घ्यावेत, कारण आरजी-11 मध्ये एका सेंटिमीटरची चूक म्हणजे सुमारे 2.6 अंशांचा फेजफरक. प्रत्येक तुकडा थोडा लांब कापून, दुसरे टोक उघडे ठेवून ॲनालायझरला (इम्पीडन्स मोजणाऱ्या उपकरणाला) जोडावा आणि 145 ला इम्पीडन्स शून्याजवळ येईपर्यंत कटरने मिलिमीटर-मिलिमीटर छाटत जावा.

माझ्या पहिल्या रचनेत एसडब्ल्यूआर 1.2 होता आणि संपर्क मात्र एकट्या डायपोलइतकाच. चौथ्या डायपोलवर केबलची मधली तार खालच्या दांडीला जोडली गेली होती: तीन पुढे आणि एक उलट म्हणजे क्षितिजाकडचे क्षेत्र निम्मे, पूर्ण 6 डेसिबल गेले. तेव्हापासून मी प्रत्येक डायपोलच्या वरच्या दांडीवर लाल रंगाचा पट्टा ओढतो आणि मधली तार त्याच दांडीला जोडली आहे ना, हे पाइप उभा करण्यापूर्वी मल्टीमीटरने तपासतो.

साधी पीव्हीसी टेप मेच्या उन्हात पाघळून सुटते; म्हणून सांध्यांवर आधी आपोआप एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी, वर पीव्हीसीचा थर द्यावा आणि पावसाचे पाणी टी-जोडात न उतरता खाली ठिबकावे म्हणून प्रत्येक केबलला जोडाआधी खालच्या बाजूने झोल ठेवावा. टॉवरचे अर्थिंग आणि उंचीची परवानगी आधीच उरकावी. मेमध्ये चढायचे तर सकाळी आठच्या आत, त्यानंतर लोखंडाला हात लावणे कठीण होते.

वर चढवल्यावर शेवटची पारख ऐकूनच करावी. दूरच्या, स्थिर संकेतावर आधी फक्त वरची जोडी मुख्य केबलला थेट लावावी, मग फक्त खालची, आणि नंतर दोन्ही मिळून. दोन्ही जोड्या सारखाच संकेत देत असतील आणि एकत्र लावल्यावर संकेत साधारण अर्धा एस-युनिट (रिसीव्हरच्या संकेतमापकावरचा अर्धा टप्पा, सुमारे 3 डेसिबल) वाढत असेल, तर हार्नेस, म्हणजे ही सगळी केबलजोडणी, बरोबर आहे. एकत्र लावल्यावर संकेत खाली गेला, तर एक जोडी दुसरीच्या उलट आहे.