मिररलेस घेतला म्हणून जुन्या लेन्स लगेच विकू नका

नव्या मिररलेस कॅमेऱ्याची बॉडी हातात आली की डीएसएलआरच्या (आत आरसा असलेल्या जुन्या कॅमेऱ्याच्या) जुन्या लेन्स विकायची घाई होते. थांबा जरा. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे माउंट, म्हणजे लेन्स जिथे अडकते ती कडी, सेन्सरच्या पार जवळ आलंय, निकॉनच्या जुन्या एफ माउंटला हे अंतर ४६.५ मिमी होतं ते मिररलेसच्या झेडला १६ वर आलं, कॅननच्या जुन्या ईएफला ४४ होतं, मिररलेसच्या आरएफला २०, आणि ही जी मधली जागा उरते ना तिथे अडॅप्टर बसतो. आत काच नसते, पोकळ नळी नुसती, म्हणून फोटोच्या क्वालिटीला काही होत नाही. उलटं मात्र जमत नाही, मिररलेसची लेन्स डीएसएलआरवर चढवायचा विचारही करू नका.

ईएफवाल्यांना कटकट कमी, कंपनीच्याच ईएफ-आरएफ अडॅप्टरवर ऑटोफोकस, अपर्चर (प्रकाश आत सोडणारं पात्यांचं भोक) सगळं चालतं. फक्त ईएफ-एस लेन्स (छोट्या सेन्सरसाठी बनवलेली) मोठ्या, फुलफ्रेम सेन्सरवर लावली की १.६ क्रॉप होतो, म्हणजे सेन्सरचा मधलाच भाग वापरला जातो, ४५ मेगापिक्सेलचे साधारण १७ उरतात. निकॉनवाल्यांनी लेन्सवरची अक्षरं नीट वाचा. एएफ-एस असेल तर एफटीझेडवर, म्हणजे निकॉनच्याच अडॅप्टरवर, ऑटोफोकस मिळतो, पण एएफ-डी असेल तर लेन्सला स्वतःची मोटर नसते, ती बॉडीतल्या मोटरवर फिरायची, आणि एफटीझेडमध्ये तशी मोटरच नाही. मी हे न वाचता ५० मिमी एफ/१.८डी लावली आणि अर्धा तास अडॅप्टर काढून पुसून परत लावत बसलो.

खरी मजा फिल्मच्या जमान्यातल्या लेन्समध्ये आहे, एम४२ स्क्रूवाल्या (आट्यांनी फिरवून बसवायच्या) वगैरे. यांना अडॅप्टर म्हणून साधी रिंग पुरते, पण लेन्सवर अपर्चर रिंग हवीच. ईएफ लेन्सचं अपर्चर बॉडीकडून विजेवर चालतं, ती असल्या साध्या रिंगवर लावली तर अपर्चर पूर्ण उघडंच राहतं. घेण्याआधी मागून टॉर्च मारा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, आणि अपर्चरच्या पात्यांवर तेल चकाकत असेल तर अपर्चर अडकणार. एम४२ वर ऑटो-मॅन्युअलचा छोटा खटका असेल तर तो मॅन्युअलला ठेवा, नाहीतर बऱ्याच अडॅप्टरवर अपर्चर रिंग फिरवली तरी पाती हलतच नाहीत.

मग मेन्यूत जाऊन लेन्स नसतानाही शटर चालू द्यायचं सेटिंग ऑन करा, आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो हलू न देणारी सोय) असेल तर फोकल लेंग्थ हाताने भरा, ५० ची लेन्स तर ५०च, क्रॉपचा गुणाकार करू नका. फोकस करताना अपर्चर पूर्ण उघडा, स्क्रीनवर झूम करून डोळ्याच्या पापण्यांवर धरा, मग हवं तेवढं बंद करून क्लिक.

शेवटी लांबच्या एखाद्या टॉवरवर फोकस करून बघा. फोकसची रिंग टोकाला गेली तरी टॉवर धूसरच दिसला तर अडॅप्टर जाड आहे, परत करा. टोकाच्या जरा आधीच शार्प झाला तर चालतंय.