तापीच्या गाळाचा नमुना कसा घ्यावा

खानदेशाला समुद्र नाही. परंतु ७२४ किलोमीटर वाहणारी तापी आपला गाळ सुरतेपलीकडे खंबातच्या आखातापर्यंत नेते आणि त्यासोबत गेलेले शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू तिथल्या तिवरांच्या मुळांभोवतीच्या चिखलात साठून राहू शकतात. म्हणून तपासणीची सुरुवात आपल्याच काठावरून व्हावी, असे मला मनापासून वाटते.

पूर ओसरल्यावर, धार संथ असेल अशा वळणावर जावे. धातू बारीक कणांना चिकटतात; त्यामुळे वाळू टाळून, बोटांत चोळल्यावर लोण्यासारखा लागणारा काळसर गाळच घ्यावा. लोखंडी खुरपे किंवा पत्र्याचा डबा अजिबात वापरू नये, कारण त्यांचाच धातू नमुन्यात उतरतो; प्लास्टिकचा स्वच्छ चमचा पुरतो. चार-पाच जागांचा वरचा थर एकत्र मिसळून पिशवीत भरावा, ठिकाण व तारीख लिहावी आणि बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत पोहोचवावा. पाऱ्यासाठी काचेची बाटली बरी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सांडपाण्याचा नाला जिथे मिळतो त्याच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजूंचे नमुने घ्यावेत. आपली काळी माती बेसाल्टपासून बनलेली असल्याने तांबे, जस्त तिच्यात मुळातच असतात, आणि तुलनेशिवाय दोष कशाचा हे कळत नाही.