वाढीच्या वयात पाठीवर नजर ठेवा

माझ्या लेकीला फ्रीडराइख अटॅक्सिया आहे, म्हणजे चालण्याचा तोल हळूहळू बिघडवणारा नसांचा आजार. आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरचे. आसपासच्या आया विचारतात, "ताई, पोराची पाठ वाकायला लागलीय, काय करू?" म्हणून सगळं एकदाच लिहिते.

हा आजार आईबाप दोघांकडून आलेल्या जनुकातून होतो. यात बहुतेक मुलांचा कणा बाजूला झुकतोच. दहा ते पंधरा या वयात मूल झपाट्याने उंच होतं आणि बाकही तेव्हाच भराभर वाढतो. "मोठं झालं की सरळ होईल" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. हाडवैद्याकडून ओढून-चोळून तर मुळीच घेऊ नका.

महिन्यातून एकदा, अंघोळीनंतर, मुलाला आधार देऊन कमरेत पुढे वाकवा आणि मागून बघा. एका बाजूच्या फासळ्या वर आल्या, खांदा किंवा कंबर तिरपी दिसली, तर एक्स-रे काढा. त्यावर डॉक्टर कॉब अँगल, म्हणजे कण्याच्या बाकाचा कोन, मोजतात. १० अंशांच्या वर गेला की त्याला स्कोलिओसिस, म्हणजे कण्याचा बाजूचा बाक, म्हणतात. वाढीच्या वयात साधारण सहा महिन्यांनी पुन्हा मोजतात. उभ्याने काढला असेल तर पुढचाही उभ्यानेच, बसून असेल तर बसूनच; नाहीतर तुलनाच होत नाही. चार-पाच अंशांचा फरक मोजण्यातलाही असू शकतो, लगेच घाबरू नका. जुनी एकही फिल्म टाकू नका.

पाठीला आधार देणाऱ्या पट्ट्याने (ब्रेसने) बाक वाढायचा वेग कमी होऊ शकतो, पण या आजारात तो थांबेलच असं नाही. काही मुलांचा चालताना तोलही जातो, म्हणून पट्टा घालून चालवून बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. आत घट्ट सुती बनियन हवं, उलटं घातलेलं, म्हणजे शिवण टोचत नाही. घाम आला की बदला. तेल-पावडर नको. पट्टा काढल्यावर अर्ध्या तासातही लाली गेली नाही, तर तो नीट करून आणा. उन्हामुळे दुपारी पट्टा काढला तर ते तास रात्री घालून भरून काढता येतील का, हे डॉक्टरांना विचारा.

बसण्याकडे तर फारच लक्ष द्या. व्हीलचेअरचं कापड मधे खचतं, कंबर एका बाजूला कलते आणि वरचा कणा तिच्यामागे जातो. आम्ही खाली फळी आणि वर फोम टाकला. दोन्ही कुल्ले एका पातळीत, पाय पायरीवर पूर्ण टेकलेले. झोळ पडलेल्या बाजेवर तासन्‌तास बसवू नका.

साधारण ४० अंशांखाली बहुधा लक्ष ठेवतात किंवा पट्टा देतात. ६० च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. मधल्या टप्प्यात वय आणि वाढीचा वेग बघतात. हाडांच्या डॉक्टरांनी तारीख दिली तरी आधी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), ईसीजी, फुप्फुसांची तपासणी आणि साखर तपासून घ्याच. हा आजार हृदयाचे स्नायू जाड करतो, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजाराचं नाव स्वतः सांगा. शस्त्रक्रियेत मज्जारज्जूवर लक्ष ठेवणारे सिग्नल या मुलांत बऱ्याचदा नीट मिळत नाहीत. तसं झालं तर काय करणार, हेही आधीच विचारा.

शस्त्रक्रियेनंतर "आराम करू दे" म्हणून पोराला खाटेवर ठेवू नका. पडून राहिलं की पायातली उरलीसुरली ताकद जाते आणि ती परत मिळवणं फार कठीण. डॉक्टरांनी परवानगी दिली, की त्याच दिवसापासून फिजिओथेरपिस्टच्या मदतीने बसवायला, उभं करायला लागा.