पहिली गाडी ठाण्यात पोचेपर्यंत: आरपीजीचं साहस कसं रचावं

टेबलटॉप आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायचा भूमिकांचा खेळ: एकजण प्रसंग रचतो, बाकीचे एकेक पात्र होऊन काय करायचं ते ठरवतात, आणि जमलं की नाही ते फासा सांगतो. अशा खेळासाठी साहस, म्हणजे खेळायची गोष्ट, रचताना खेळाडू काय करतील ते लिहू नका. त्यांनी काहीच केलं नाही तर काय घडेल, ते लिहा. कथानक आणि मोकळीक यांचं भांडण निम्मं इथेच मिटतं.

उदाहरण ठाण्याचंच घेऊ. 16 एप्रिल 1853. बोरीबंदरहून दुपारी पहिली गाडी सुटणार, 14 डब्यांत सुमारे 400 पाहुणे. खाडीतून माल नेणाऱ्या एका (कल्पित) गलबतवाल्याला धंदा बुडायची भीती आहे. त्याचं वेळापत्रक असं: 12 तारखेला माणसं जमवतो, 13 ला पहारेकऱ्याला पैसे चारतो, 14 ला धक्क्यावर घण-पहारी उतरवतो, 15 च्या रात्री रूळ उखडतो. प्रत्येक टप्प्याची गावात दिसेल अशी एक खूण ठेवा.

खेळाडूंनी 13 लाच पहारेकरी पकडला? मग तो टप्पा खोडा आणि गलबतवाला आता काय करेल, ते त्याच्या भीतीवरून ठरवा. त्या जागी दुसरा लाचखाऊ पहारेकरी आयता उभा करू नका. खेळाडूंना हे हमखास कळतं, आणि मग ते डोकं चालवणं सोडून तुम्ही न्याल तिकडे येतात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे अख्खं साहस एका फाशावर टांगणं. वीस बाजूंच्या फाशावर 15 किंवा जास्त हवे असतील आणि पात्राच्या कौशल्याचा बोनस (फाशात मिळवायचे जादा गुण) नसेल, तर यशाची शक्यता फक्त 30 टक्के. म्हणून एकाच निष्कर्षाकडे नेणारे तीन धागे तीन ठिकाणी ठेवा: धक्क्यावर, मासुंदा तलावाकाठी, कोपिनेश्वराच्या देवळात. प्रत्येक धागा सापडण्याची शक्यता निम्मी धरली, तरी तिन्ही हुकण्याची शक्यता 12.5 टक्केच उरते. त्यातला एक तर फासा न टाकताच द्या. बातमी किती लवकर, किती गुपचूप मिळाली, एवढंच फाशावर सोडा.

मोकळीक अती झाली तरी खेळ बसतो. ‘तुम्ही ठाण्यात आहात, काय करता?’ असं विचारलं की चौघं एकमेकांकडे बघत राहतात. त्यापेक्षा ‘रेल्वेच्या गोदामातून पहारी गेल्यात, चार दिवसांत शोधा’ असं सांगा. काम ठरलेलं, वाट त्यांची.

चार खेळाडू आणि तीन-चार तासांचं सेशन असेल तर पाच जागा आणि चार पात्रं पुरतात. पात्राला काय हवंय आणि ते कशाला भितं, या दोन ओळी लिहा. संवाद लिहिलेत तर वाया जातील. उठण्यापूर्वी ‘पुढच्या वेळी कुठे जाणार?’ हे विचारा आणि तेवढीच तयारी करा.

इतिहास बदललेला चालेल का, हे मात्र खेळ सुरू होण्याआधीच विचारून घ्या. चालत असेल तर गाडी घसरूही शकते, आणि ते मनापासून होऊ द्या. चालत नसेल तर गाडी पणाला लावू नका. ती पोचणारच, पण कटाचा आळ कुणावर येतो आणि ठाण्याच्या किल्ल्यातल्या तुरुंगात कोण जातं, ते खेळाडूंच्या हाती ठेवा.