कर्दळीचं बी: आधी कानस, मग पाणी

मिरज जंक्शनला गाडी बदलायची होती आणि हातात तासभर वेळ होता. फलाटाच्या कडेला कर्दळीचा ताटवा होता. पिवळी फुलं, त्यांवर लाल ठिपके, शेतकी प्रदर्शनात मिरवावीत अशी. खाली वाळलेली बोंडं लोंबत होती. तिथल्या माळीबुवांना विचारलं, "घेऊ का चार?" ते म्हणाले, "घ्या की, मूठभर घ्या. पण बियांनं कशाला लावताय? पावसाळ्यात या, गड्डाच देतो."

त्यांचं बरोबर होतं, हे आधीच सांगून टाकतो. घाई असेल तर कर्दळ गड्ड्यानंच लावावी. कुणाच्याही परसात मागा, नाही म्हणणार नाहीत. कर्दळ ही वाटण्यासाठीच वाढते. गड्ड्याचं झाड लवकर फुलतं आणि आईच्या रंगाचंच येतं. बियांचं झाड वेळ घेतं आणि कुठला रंग दाखवील ते त्याचं त्यालाच ठाऊक. मला तेच बघायचं होतं.

माझी चौतीस वर्षं कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर गेली. लोखंडातलं कळतं, मातीतलं काही कळत नव्हतं. निवृत्त झालो तशा हिनं गच्चीवरच्या कुंड्या माझ्या गळ्यात घातल्या. मिरजेचं बी आणल्यावर मी भाजीवाल्याकडून एक जुना क्रेट आणला, माती भरली, वीस बिया ओळीनं पेरल्या आणि रोज सकाळी पाणी घालत बसलो. महिना गेला, दीड महिना गेला. हिनं एकदा क्रेटमध्ये बोट घालून एक बी वर काढलं. जसं पेरलं तसंच, काळं कुळकुळीत. म्हणाली, "अहो, छर्रे पेरलेत का?"

गंमत म्हणजे इंग्रजीत कर्दळीला 'इंडियन शॉट' असंच नाव आहे, शॉट म्हणजे बंदुकीचा छर्रा. त्यातलं 'इंडियन' मात्र फसवं. लिनियसनं १७५३ साली 'कॅना इंडिका' असं नाव ठेवलं खरं, पण झाड मूळ अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं. आपल्याकडे मोरीच्या कडेला इतकी रुळली की परकी वाटत नाही. आणि जाता जाता, नृसिंहसरस्वती ज्या कर्दळीवनात गेले ती कर्दळ ही नव्हे. तिथली कर्दळी म्हणजे कदली, केळ. पान तसंच, सुरळी तशीच, म्हणून नाव चिकटलं असावं.

क्रेटमधली माती मी वैतागून जास्वंदीच्या कुंडीत ओतली आणि विसरून गेलो. पुढच्या वर्षी पावसात जास्वंदीच्या बुडाशी एक हिरवी सुरळी उभी राहिली. हळद म्हणावी तर हळद कधी लावलीच नव्हती. कर्दळ होती ती, चौदा महिन्यांनी उगवलेली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बी मेलेलं नव्हतं, त्याच्या आत पाणीच पोचत नव्हतं.

कास्टिंगचं काम केलेल्याला हे लगेच कळेल. ओतीव लोखंडाची वरची साल कडक असते. पहिला कट त्या सालीच्या खालून घेतला नाही तर हत्याराचं तोंड जातं आणि जॉब तसाच राहतो. एकदा साल सुटली की आतलं लोखंड मुकाट कापतं. कर्दळीच्या बियांचं तसंच आहे. साल फोडायची, बाकीचं बी करतं.

बी निवडण्यापासून सुरू करतो. बोंड हिरवं असताना अंगावर मऊ काट्यांसारखी टोकं असतात, हात लावून बघा, टोचत नाहीत. फूल गळून महिनाभरात बोंड तपकिरी होतं, कागदासारखं होऊन फाटतं आणि आतले काळे दाणे दिसायला लागतात. तेव्हाच तोडायचं. आत तीन कप्पे असतात. पांढरं किंवा फिकट तपकिरी बी कच्चं, ते घेऊ नका. नर्सरीतल्या मोठ्या पाकळ्यांच्या काही जातींना बीच धरत नाही, त्यांच्या बोंडांची वाट बघत बसू नका. लहान लाल फुलांची गावठी कर्दळ मात्र बियांनी लगडलेली असते. पहिल्या प्रयोगाला तीच बरी.

आता घासणं. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळा खेळ इथेच आहे.

बी हातात घेऊन नीट बघा. एका बाजूला बारीक खळगा असतो, बेंबीसारखा. कोंब त्या बाजूनं येतो, म्हणून तिथं कानस लावायची नाही. घासायचं ते कुशीवर. बोटात धरून घासायला गेलात तर दोन गोष्टी होतात: बी उडून कपाटाखाली जातं किंवा नखं घासली जातात. माझं दोन्ही झालं. मी बारीक तोंडाच्या पक्कडला सुतळीचा तुकडा गुंडाळून त्यात बी धरतो. हिनं कपडे वाळत घालायचा चिमटा वापरला आणि तो माझ्या पक्कडपेक्षा बरा निघाला, हे कबूल करतो. कानस बारीक दातांची घ्या. नसेल तर ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर फरशीवर पसरून त्यावर बी पुढेमागे घासा. तेही नसेल तर देवघरातली सहाण चालते, पण नंतर स्वच्छ धुऊन ठेवा, नाहीतर गंधात काळं येतं आणि बोलणी बसतात.

लहानपणी सागरगोटा दगडावर घासून शेजारच्याला चटका दिला असेल तुम्ही. तेवढा जोर इथं नको. आठदहा वेळा घासायचं आणि बघायचं. काळा रंग जातो, खाली तपकिरी लागतो. पुन्हा चारदोन वेळा. तपकिरीच्या मधोमध पांढरा ठिपका दिसेल. तो तिळाएवढा झाला की हात थांबवा. पांढरं म्हणजे आतलं अन्न, ते कोंबाची शिदोरी आहे. मी पहिल्या दोन बियांत हौसेनं पार अर्धा सूत आत गेलो. त्या फुगल्या, दोन दिवसांत बुळबुळीत झाल्या आणि वास मारायला लागल्या.

उकळत्या पाण्यात टाकायचं, नखकटरनं टोकायचं, असेही उपाय लोक सांगतात. उकळत्या पाण्याचा मला भरवसा नाही, किती वेळ ठेवलं यावर बी वाचतं की शिजतं ते ठरतं. नखकटर चालतो, फक्त बी निसटून डोळ्याकडे येतं. चष्मा घाला. लेथवर सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं.

घासलेलं बी कोमट पाण्यात चोवीस तास ठेवायचं. अंघोळीच्या पाण्याएवढं कोमट, जास्त नको. दुसऱ्या दिवशी फरक डोळ्यांना दिसतो: बी दीडपट फुगतं, काळ्या सालीला चिरा पडतात. जे फुगलं नाही त्याची साल फुटलेली नाही. ते पुसून पुन्हा चार हात घासायचं आणि परत भिजवायचं. दोन दिवसांच्या वर मात्र पाण्यात ठेवू नका.

पुढचं काम घरातल्या बाईमाणसांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मटकीला मोड आणतो तसं. ओल्या सुती फडक्यात बिया गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवल्या, डबा फ्रिजच्या वर, तिथं ऊब असते. फडकं रोज उघडून वारं द्यायचं, सुकलं तर पाण्याचा हबका मारायचा. साताठ दिवसांत पांढरं मूळ डोकावतं. थेट मातीत पेरलंत तरी चालतं, पण मला उगवलेलं डोळ्यांनी बघायचं होतं. क्रेटनं शिकवलं होतं.

मोसमाचं सांगायचं तर थंडीत या भानगडीत पडू नका. बी उगवतं, पण हटून बसतं. शिमग्यानंतर हवा तापायला लागली की सुरू करावं, म्हणजे पावसाच्या तोंडाला झाड तयार होतं. नातीनं वहीत तारखा लिहून ठेवल्या आहेत. २ मार्चला पंधरा बिया घासल्या, ३ ला पाण्यातून काढल्या, ९ ला पहिलं मूळ, १७ ला मातीवर पहिलं पान. पंधरातली बारा उगवली.

मोड आलेलं बी लावायला मी नारळाच्या करवंट्या घेतल्या, डोळा फोडला की पाणी निचरतं. दुधाच्या पिशव्याही चालतात, खाली चार भोकं पाडा. निम्मी माती, पाव कोकोपीट, पाव चाळलेलं गांडूळखत. ताजं शेण अजिबात नको, कोवळं मूळ जळतं. बी अर्धा इंच खोल, मूळ खाली. आणि पाणी बेतानं. मोठी कर्दळ मोरीच्या पाण्यात उभी राहून खुशाल वाढते, त्यावरून पोराचा अंदाज बांधू नका. कोवळ्या वयात पाणी साचलं की बूड कुजतं. माझं एक रोप असंच गेलं.

पहिलं पान येतं ते सुईसारखं टोकदार, घट्ट गुंडाळलेलं. दोन दिवस ते तसंच उभं असतं. मग सकाळी चहा घेऊन वर जावं तर अर्धं उलगडलेलं, आतल्या बाजूला दव धरून बसलेलं. सुरळीच्या वडीचं एक टोक सुटल्यासारखं. नात ते बोटानं सोडवायला गेली आणि पान उभं फाटलं. त्याला घाई चालत नाही.

तीनचार पानं झाली की मोठ्या घरात. कुंडी असेल तर बारा-चौदा इंचांची, एका कुंडीत एकच रोप, कारण गड्डा आडवा पसरतो आणि प्लास्टिकची पातळ कुंडी फोडतोसुद्धा. जमिनीत लावणार असाल तर दोन रोपांत दीड फूट ठेवा. ऊन निदान पाच-सहा तास हवं, सावलीत पानं भरपूर येतात, फूल येत नाही. मोठ्या कुंडीत गेल्यावर पाण्याचा हात सैल सोडा. महिन्याला दोन मुठी गांडूळखत. शेंगदाणा पेंड आंबवून घातली तर कर्दळ खूश होते, पण खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी वासावरून तीन दिवस अबोला धरला होता. तुमचं तुम्ही बघा.

मोरीचं पाणी आयतं असेल तर प्रश्नच नाही. आमच्या गावच्या घरी न्हाणीच्या पाण्यावर अळू, केळ आणि कर्दळ अशी रांग होती. सगळं सांडपाणी ती पिऊन टाकायची आणि अंगणात चिखल नसायचा. आई देवाची फुलं कर्दळीच्या पानात बांधून आणायची. दुपारपर्यंत फुलं गार राहायची.

रोगराई म्हणाल तर पानं गुंडाळून आत लपणारी अळी येते. न उघडलेल्या सुरळीत आरपार भोक पाडते, मग पान उलगडलं की भोकांची सरळ ओळ दिसते, पंच मारल्यासारखी. गुंडाळी उघडून हातानं काढायची, फवारे मारण्याएवढं काही नसतं. पावसाळ्यात पानांखाली नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा. ती पानं तोडून जाळा, कंपोस्टात टाकू नका. गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या लागतात.

पहिलं फूल २८ जूनला आलं. बी घासल्यापासून जवळजवळ चार महिने. ज्याला आपण पाकळ्या म्हणतो त्या खऱ्या पाकळ्या नसतात, रूप बदललेले पुंकेसर असतात. म्हणून कर्दळीचं फूल कुठूनही बघितलं तरी वाकडंच दिसतं, दोन अर्धे जुळत नाहीत. मी मिरजेचे लाल ठिपके शोधत होतो. आलं ते कोरं पिवळं. सात झाडं राखली, बाकीची वाटली. त्यातली चार पिवळी, दोन केशरी, आणि एकाला ठिपके, तेही बोटावर मोजण्याएवढे. मी हिरमुसलो होतो, पण त्या केशरी रंगाची कर्दळ आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नाही. तिचे गड्डे आता मी कुणाला लगेच देत नाही.

एक दांडा फुलून संपला की तो बुडातून कापा. केळीसारखं आहे, व्यालेला दांडा गेला की शेजारचं पिल्लू वर येतं. बी हवं असेल तर मात्र दोनतीन बोंडं धरलेला दांडा ठेवा.

बियांच्या साठवणीची काळजी करू नका. अर्जेंटिनात एका जुन्या वस्तीत अक्रोडाच्या कवचाचा खुळखुळा सापडला, त्यात कर्दळीचं बी होतं. अक्रोड हिरवा आणि मऊ असतानाच ते आत घातलेलं असणार, नंतर कवच कडक झालं. कार्बन तपासणीत कवच सुमारे सहाशे वर्षांपूर्वीचं निघालं, १९७१ साली ते छापून आलं. बी रुजवलं तर उगवलं. सहाशे वर्षं खुळखुळ्यात. आमच्या मिरजेच्या उरलेल्या बिया थर्मासच्या जुन्या झाकणात आहेत, वर कागद आणि रबर. यंदा शिमग्यानंतर पुन्हा दहा घासणार आहे. ठिपक्यांचा हिशेब अजून मिटलेला नाही.